गाणें लागतें आणि यंत्र थांबतें

जुना संगणक घरांत असणें ही मध्यम स्थितीच्या कुटुंबांत आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलगा पुण्यास अगर परदेशीं नोकरीस जातो, जातांना आपला पांच-सात वर्षांचा संगणक आईबापांसाठीं ठेवून जातो, आणि त्यावर लिनक्स नांवाची व्यवस्था घालून देतो. कारण ती विनामूल्य मिळते व थकलेल्या यंत्रासही तिचा फार भार होत नाहीं. आईबाप त्यावर पत्रें वाचतात, पंचांग पाहतात, कीर्तनें ऐकतात. असें सर्व सुरळीत चाललें असतां एके दिवशीं कीर्तन लावावें आणि यंत्र जागच्या जागीं थिजावें. पडद्यावरचा बाण हलूं नये, कळा दाबून उपयोग होऊं नये, आणि कीर्तनकाराचें एकच अक्षर कर्कशपणें पुनःपुन्हां वाजत राहावें, हा प्रकार कित्येकांनीं पाहिला असेल. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें तर चालतें. कीर्तन लावलें कीं पुन्हां थांबतें. अशा वेळीं घरांत पहिला निर्णय होतो तो ‘गाण्यांतच दोष आहे’ असा, आणि दुसरा ‘यंत्र मोडींत द्या’ असा. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत. ते कां घाईचे आहेत, व खरा निर्णय कसा करावा, हें या महिन्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम यंत्राची अंतर्रचना पाहूं. लिनक्स हें नांव वस्तुतः एका गाभ्याचें आहे. इंग्रजींत त्यास कर्नेल म्हणतात. फिनलंडांतील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तो लिहिण्यास आरंभ केला, आणि पुढें देशोदेशींच्या सहस्रावधि लोकांनीं तो वाढविला. आपल्या हातांतील अँड्रॉइड मोबाइलही याच गाभ्यावर चालतो. संगणकाचें घर दोन भागांचें आहे असें समजा: ओसरी आणि माजघर. पत्र लिहिण्याचा, चित्र दाखविण्याचा, गाणें वाजविण्याचा असे जे कार्यक्रम आपण वापरतों ते सारे ओसरीवर बसलेले असतात. त्यांपैकीं एखाद्यानें मर्यादा सोडली तर गाभा तेवढ्या एकट्यास उठवून बाहेर घालवितो. बाकीच्या मंडळींस धक्का लागत नाहीं. माजघरांत मात्र स्वतः गाभा आणि त्याच्या शेजारीं प्रत्येक उपकरणाचा एक एक ड्रायव्हर, म्हणजे सारथि, बसलेला असतो. लिनक्सच्या रचनेंत या सारथ्यांस गाभ्याचेच सर्व अधिकार असतात. त्यामुळें एका सारथ्याची चूक सबंध घराला भोंवते. यावरून एक गोष्ट आरंभींच ठरते. गाणें वाजविणारा कार्यक्रम ओसरीवरचा आहे. गाभा निर्दोष व यंत्र धड असेल तर तो एकटा सारें घर पाडूं शकत नाहीं. घर पडलें असेल तर माजघरांत कोणाची तरी चूक झालेली आहे, किंवा भिंतच कच्ची आहे.

ध्वनीचे सारथि गाभ्याच्या ज्या विभागांत मोडतात त्यास आल्सा असें नांव आहे. यारोस्लाव किसेला या चेक गृहस्थानें १९९८ सालीं त्याचा आरंभ केला, आणि २००३ च्या डिसेंबरांत निघालेल्या २.६ या आवृत्तीपासून तो गाभ्याचा नेहमींचा ध्वनिविभाग झाला. त्याचें काम कसें चालतें तें विहिरीवरचा रहाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांच्या सहज ध्यानांत येईल. संगणकाच्या स्मृतींत गाडग्यांची एक गोल माळ असते. एका बाजूनें गाडगीं ध्वनीनें भरलीं जातात. दुसऱ्या बाजूनें साउंड कार्ड तीं क्रमानें उपसतें व त्यांतील आंकड्यांचा आवाज करतें. कामाचा वेग विलक्षण आहे. चांगल्या प्रतीच्या ध्वनींत एका सेकंदाला एका कानासाठीं ४४,१०० नमुने असतात, एका नमुन्यास दोन बाइट लागतात, व कान दोन. म्हणजे दर सेकंदास १,७६,४०० बाइट उपसले जातात. कांहीं गाडगीं रिकामीं झालीं कीं साउंड कार्ड गाभ्यास हांक मारतें, आणि गाभ्यानें हातचें काम तसेंच टाकून त्या हांकेस ओ द्यावयाची असते.

आतां त्या कर्कश अक्षराचा उलगडा होतो. गाडगीं भरणारा एकाएकीं थांबला, परंतु रहाट फिरतच राहिला. म्हणून शेवटचीं भरलेलीं तींच गाडगीं पुनःपुन्हां उपसलीं जातात व तेंच अक्षर पुनःपुन्हां कानावर येतें. लोक तो आवाज ऐकून साउंड कार्ड बिघडलें असें समजतात. वास्तविक त्या घटकेस साउंड कार्ड आपलें काम इमानानें करीत असतें. गतप्राण झालेला असतो तो गाभा. आणि ध्वनीच्या लहानशा चुकीनें सबंध गाभाच कां थांबावा, हेंही येथेंच कळतें. एखाद्या कार्यक्रमाचें काम करीत असतां गाभ्यांत चूक झाली, तर गाभा त्या कार्यक्रमाचा बळी देतो, ‘ऊप्स’ नांवाचें टिपण लिहितो व लंगडत कां होईना पुढें चालतो. परंतु हांकेस ओ देत असतां चूक झाली तर बळी देण्यासाठीं असा कोणी एकटा कार्यक्रम नसतो. मग गाभा सर्व व्यवहार थांबवितो. यालाच ‘पॅनिक’ म्हणतात. ध्वनीचें पुष्कळसें काम अशा हांकेच्या वेळींच होत असल्यामुळें तेथील चूक सर्वस्वीं घातक ठरण्याचा संभव अधिक.

इतकें कळल्यावर कारणाचा शोध कसा घ्यावा हा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर आपल्या न्यायशास्त्रांत फार पूर्वींच मिळालें आहे. कार्याच्या पूर्वीं जें जें दिसलें तें तें कारण नव्हे. घडा होण्यापूर्वीं कुंभार असतो, चाक असतें, माती असते, आणि माती वाहून आणणारें गाढवही असतें. तरी नैयायिक गाढवास घड्याचें कारण मानीत नाहीं. तें तेथें होतें इतकेंच. त्याच्यावांचूनही घडा झाला असता. अशा गोष्टीस शास्त्रांत अन्यथासिद्ध म्हणतात. कारण ठरविण्याची कसोटी दुहेरी आहे. तें असतां कार्य होतें, हा अन्वय. तें नसतां होत नाहीं, हा व्यतिरेक. आपल्या घरोघरीं अन्वयावर सारा भर असतो व व्यतिरेक कोणी पाहत नाहीं. नवी सून घरांत आली आणि त्याच महिन्यांत म्हैस आटली, कीं पायगुणाची कुजबूज सुरू होते. सून आली नसती तर म्हैस आटली नसती काय, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. संगणकाच्या बाबतींत गाण्यावर जो आळ येतो तो याच जातीचा.

आळ नेहमींच खोटा असतो असें मात्र समजूं नये. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनीं २०२२ सालीं एक जुनी हकीकत प्रसिद्ध केली. विंडोज एक्सपीच्या काळांत एका कारखानदाराच्या लॅपटॉपांवर जॅनेट जॅक्सन या गायिकेचें ‘ऱ्हिदम नेशन’ हें गाणें लावलें कीं ते बंद पडत. पुढें असें आढळलें कीं, शेजारीं ठेवलेला दुसरा लॅपटॉप स्वतः कांहीं वाजवीत नसतांही त्या गाण्यानें बंद पडे! येथें अन्वय कसा चोख आहे पाहा. न वाजविणारें यंत्रही थांबतें त्या अर्थीं दोष वाजविण्याच्या व्यवस्थेंत नसून हवेंतून येणाऱ्या आवाजांतच असला पाहिजे. त्या यंत्रांतील मिनिटास ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची स्वाभाविक कंपनसंख्या त्या गाण्यांतील एका स्वराशीं जुळत होती. कारखानदारानें तेवढा स्वर गाळणारी योजना करून अडचण निवारली. आपल्या घरींही ही शंका फेडणें सोपें आहे: हेडफोन लावून किंवा आवाज शून्यावर नेऊन तेंच गाणें वाजवावें. यंत्र तरीही थांबलें तर हवेंतील ध्वनि निर्दोष, असें समजावें.

जळगांवांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं हा प्रकार घडला, त्यांत या कसोटीचा उपयोग कसा झाला तें सांगण्याजोगें आहे. त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. त्यांच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या नातवानें पूर्वीं उतरून ठेवल्या होत्या. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीं नव्या सूनबाईंनीं त्या लावल्या, तों यंत्र थांबलें. दुसऱ्यानें लावल्या, पुन्हां थांबलें. स्नेह्यांच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, “गुरुजी, सासूबाईंच्या मनांत नाहीं, दुसरें काय! आणि हिचाच हात लागला पहिल्यांदा.” सूनबाईंनीं यंत्राला हात लावूं नये असें ठरलें. मुलगा दूरून लिही कीं, नवीन घेऊं, हा टाकून द्या. आणि कोणी म्हणे, वैशाख आहे, जळगांवचा पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आहे, माणसें घेरी येऊन पडतात तेथें यंत्राची काय कथा!

सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं वाणसामानाच्या वहीचीं मागचीं पानें उघडलीं आणि पंधरा दिवस नोंद ठेवली: तारीख, वेळ, काय चाललें होतें, त्यापूर्वीं किती वेळ शांतता होती. पंधरा दिवसांत यंत्र अकरा वेळां थांबलें. चार वेळां ओव्यांनीं, तीन वेळां कीर्तनानें. आणि चार वेळां घरांतील कोणीही यंत्राजवळ नसतां, नवें पत्र आल्याची टिंग एवढी वाजली म्हणून! सासूबाईंच्या इच्छेचा प्रश्न येथें निकालांत निघाला. दोन प्रसंग पहांटे पांचाच्या सुमाराचे होते. म्हणून उन्हाचाही दोष नव्हे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची निघाली. एकदां सुरू झालेलें गाणें मध्येंच कधींही तुटलें नव्हतें. जें थांबणें झालें तें दर वेळीं दीर्घ शांततेनंतरच्या पहिल्या आवाजास झालें होतें.

स्नेह्यांचा पुतण्या येथील एका महाविद्यालयांत अभियांत्रिकी शिकतो. ही वही पाहतांच तो म्हणाला, “वहिनी, तुम्ही अर्धें काम केलेंच आहे.” साउंड कार्ड कांहीं सेकंद निःशब्द राहिलें कीं वीज वांचविण्यासाठीं त्यास निजवून ठेवण्याची सोय लिनक्समध्यें असते, व पहिल्या आवाजास त्यास जागें केलें जातें. त्यानें ध्वनिसारथ्याच्या मांडणींत ‘पॉवर सेव्ह’ या नांवापुढें शून्य लिहून ती सोय बंद केली. आठ दिवस यंत्र थांबलें नाहीं. तेवढ्यावर तो संतुष्ट झाला नाहीं. सोय पुन्हां सुरू करून, यंत्र उघडतांना येणाऱ्या यादींतून गाभ्याची मागील आवृत्ति त्यानें निवडली. तरीही यंत्र थांबलें नाहीं. म्हणजे निजणें-उठणें हें निमित्त, आणि नव्या आवृत्तींत त्या उठविण्याच्या कामीं झालेली चूक हें कारण. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पुरे झाले. पुढील सुधारलेल्या आवृत्तींत तो दोष नाहींसा झाला. यंत्र आजही चालतें, व ओव्याही वाजतात. सूनबाईंची वही आतां घरांतील इतर वस्तूंच्या बिघाडासही उपयोगीं पडते असें ऐकतों.

आतां यंत्राच्या स्वतःच्या नोंदीविषयीं. धुळें येथें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ज्यांनीं देह ठेविला त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची थोर शिकवण ही कीं, मागाहून रचलेल्या बखरीपेक्षां घटनेच्या वेळचा अस्सल कागद श्रेष्ठ. १८९८ सालीं त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो याच श्रद्धेनें. ‘काल कीं परवां, बहुधा गाणें चालू असतां थांबला’ ही आपली आठवण म्हणजे बखर होय. गाभा मात्र आपला रोजनामा प्रतिक्षणीं लिहीत असतो. यंत्र पुन्हां सुरू केल्यावर ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेनें मागील खेपेचा रोजनामा मागतां येतो, व त्याचीं अखेरचीं पानें पाहावयाचीं असतात. एकदम पॅनिक झालें तर शेवटच्या ओळी डिस्कवर उतरतच नाहींत. अशा वेळीं कंट्रोल, आल्ट व एफ-थ्री या कळा एकदम दाबून अक्षरांच्या साध्या पडद्यावर जावें व तेथून गाणें वाजवावें. म्हणजे गाभ्याचे अंत्यशब्द पडद्यावरच उमटतात आणि मोबाइलनें त्यांचें छायाचित्र घेतां येतें. घरांत दुसरा संगणक असेल तर ‘नेटकन्सोल’ या युक्तीनें त्या ओळी मरतां मरतां त्याच्याकडे धाडण्याचीही सोय आहे.

त्या मजकुराचा बहुतेक भाग सामान्य वाचकास दुर्बोध असतो. त्याचें भय बाळगूं नये. चार गोष्टी पाहाव्या. पहिल्या ओळींत चुकीची जात सांगितलेली असते. ‘नल पॉइंटर’ असा शब्द आला तर एखाद्या सारथ्यानें जेथें घरच नाहीं अशा पत्त्यावर टपाल टाकलें असें समजावें. ‘कॉल ट्रेस’ या मथळ्याखालीं कोणी कोणास बोलाविलें याची वंशावळ असते. तींत ‘एसएनडी’ या अक्षरांनीं आरंभ होणारीं नांवें ध्वनिविभागाचीं. पडलेल्या ठिकाणाशेजारचीं नांवें अधिक महत्त्वाचीं. ‘टेन्टेड’ असा शेरा असेल तर बहुधा गाभ्याबाहेरचा कोणी परका सारथि आंत आलेला असतो. प्रथम त्यास बाहेर काढून परीक्षा करावी. आणि चौथी गोष्ट ही कीं, दर वेळीं वंशावळ निराळीच निघत असेल तर ध्वनिसारथ्यास सोडून यंत्राच्या स्मृतीवर, म्हणजे रॅमवर, संशय घ्यावा व ‘मेमटेस्ट’ ही परीक्षा रात्रभर चालवावी. चूक असली कीं ती एकाच जागीं भेटते. कच्ची भिंत कोठेंही ढांसळते.

बाह्य लक्षणेंही बोलकीं असतात. पडदा तसाच राहून कीबोर्डावरचे दिवे उघडझांप करूं लागले तर तें बहुधा पॅनिक. यंत्र एकाएकीं पूर्ण विझलें तर उष्णता अगर वीजपुरवठा पाहावा. अति तापलेलें यंत्र स्वतःस बंद करून घेतें. खानदेशांत धूळ आणि ऊन यांची वाण नाहीं. पंख्यांतील धूळ वर्षांतून एकदां झाडावीच. यंत्र थिजलें पण गाभा पुरता मेलेला नसेल, तर आल्ट व प्रिंट-स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी या कळा क्रमानें, थोड्या थोड्या अंतरानें दाबाव्या. ही सोय चालू असेल तर पहिलीनें अपुरें लेखन डिस्कवर उतरतें, दुसरीनें डिस्क पुढील लेखनास बंद होते व तिसरीनें यंत्र पुन्हां सुरू होतें. एकदम तार उपटण्यापेक्षां हें बरें.

नवीन आवृत्तींत दोष आहे इतकें कळलें, पण तिच्यांतील हजारों बदलांपैकीं कोणता, हें कसें काढावें? येथें गणित साह्यास येतें. हजार बदलांच्या मध्यावर यंत्र चालवून पाहावें. थांबलें तर दोष अलीकडच्या पांचशांत, न थांबलें तर पलीकडच्या. असें अर्धें अर्धें करीत गेल्यास दहा परीक्षांत अपराधी हातीं लागतो, कारण दोहोंचा दहावा घात १०२४ होतो. लिनक्सचे कर्ते या रीतीस ‘बायसेक्ट’ म्हणतात. ही खटपट घरगुती वाचकानें करावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु थांबण्याचें छायाचित्र, यंत्राची जात, गाभ्याची चांगली आवृत्ति व वाईट आवृत्ति, एवढी माहिती आपल्या लिनक्सच्या तक्रारवहींत नोंदविणें कोणासही साधेल. ती व्यर्थ जात नाहीं. २०१७ सालीं ध्वनिविभागाच्या सीक्वेन्सर नांवाच्या भागांत असा दोष आढळला कीं, एका कामानें सोडून दिलेली जागा दुसरें काम अजून आपलीच समजून वापरीत असे. तो उघडपणें जाहीर झाला, उघडपणें दुरुस्त झाला, व दुरुस्ती सर्वांस फुकट मिळाली. एकाची नीट लिहिलेली तक्रार शेंकडों घरांचें यंत्र वांचविते, हा या व्यवस्थेंतील मोठा गुण आहे.

शेवटीं गाभ्याच्या बाजूनें दोन शब्द सांगितले पाहिजेत. पॅनिकच्या वेळीं तो जो संदेश लिहितो त्यांत ‘नॉट सिंकिंग’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ, हातचें अपुरें लेखन मी आतां डिस्कवर उतरवीत नाहीं. वाचणारास हा निष्ठुरपणा वाटतो. त्यांत विवेक आहे. आपली स्मृति भ्रष्ट झाली असावी अशी शंका येतांच तो लेखणी खालीं ठेवतो. भ्रष्ट स्मृतीनें लिहीत राहिला असता तर चांगले जुने कागदही त्यानें बिघडविले असते. आपलें कर्तव्य एवढेंच कीं, जे आवाज पुन्हां उतरून घेतां येणार नाहींत त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागीं ठेवाव्या. आणि कांहीं बिघडलें असतां, जवळ कोण होतें हें विचारण्यापूर्वीं, तें जवळ नसतां काय घडतें हें एकदां पाहावें. यंत्रास त्यानें न्याय मिळेल, व घरांतील माणसांसही.